कुणाला कुठल्या शंभरात बसवायचं

या, असे जवळ सरका. दाराशी उभं राहून ऐकण्यासारखं हे नाही. आणि तो फोन पालथा ठेवा बरं. मला माहितीये, तुमच्यातल्या निम्म्यांच्या फोनमध्ये आत्ता कुठला ना कुठला रक्ताचा रिपोर्ट पडलेला आहे. लॅबचा मेसेज आला की सिग्नलला उभ्या उभ्या उघडायचा, एखादा आकडा लाल दिसला की तोच गुगलमध्ये टाकायचा, आणि घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात स्वतःचं बारावं उरकून टाकायचं. दुसरा प्रकार याच्या उलट. रिपोर्ट उघडायचाच नाही. कपाटात साड्यांखाली सरकवून द्यायचा, म्हणजे आजारही तिथेच झोपून राहील. दोन्ही प्रकार मी चौतीस वर्षं पाहिलेत, आणि दोघांवरही माझा राग आहे. तुम्ही घरचे म्हणून बोलते.

मी शालन. लॅबमध्ये आधी शालन, मग शालनताई आणि केस पिकल्यावर शालनमावशी. राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत. शाळा आठवीला सुटली. परळच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले ती काचेच्या नळ्या धुवायला. मग नळ्यांवर नावं चिकटवायला, मग रक्त काढायला, आणि शेवटची बरीच वर्षं काउंटरवर, रिपोर्ट द्यायला. सातवीचं गणिताचं पुस्तक मी नोकरीला लागल्यावर पुन्हा वाचलं, विहारातल्या वाचनालयात बसून. शतमान म्हणजे काय ते मला तिशी उलटल्यावर कळलं. त्याची लाज नाही वाटत. उशिरा कळलेली गोष्ट माणूस जपून वापरतो.

दिवाळी अंकवाली मुलगी म्हणाली, "मावशी, लॅबमधल्या गमतीजमती लिहा." लिहिते. पण आधीच सांगून टाकते, गमतींच्या आडून हे मी एका बाईसाठी लिहितेय. तिला मी रिपोर्ट देता देता एक वाक्य बोलले. ते वाक्य खोटं नव्हतं. पण ते ऐकून ती निर्धास्त होऊन निघून गेली, आणि तिच्या रक्ताची जी दुसरी नळी यायला हवी होती ती अजून आलेली नाही. ती यावी, एवढंच मला हवंय. नाव लिहीत नाही, आमच्या धंद्यात ते लिहायचं नसतं. तिला मी वहिनी म्हणेन. तिथे पोचायच्या आधी थोडं आमचं काम समजून घ्या, नाहीतर मी काय चुकले ते कळणार नाही.

लॅबच्या डॉक्टरांना आम्ही सगळे बाई म्हणायचो. बारीक चणीच्या, बोलायला फटकळ, आणि नियमाच्या पक्क्या. त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम असा, की काउंटरवर कागद द्यायचा, अर्थ सांगायचा नाही. अर्थ विचारला की म्हणायचं, "पाच मिनिटं बसा, बाईंना भेटा." मी हा नियम बहुतेक वेळा पाळला.

बहुतेक. हा शब्द लक्षात घ्या. पुस्तकात संभाव्यता म्हणतात, शब्द भारी आहे, पण आपण रोज ‘बहुतेक’ म्हणतो तेच ते. काउंटरवर बसून मला एक कळलं, की हा शब्द सांगणाऱ्याच्या तोंडातून जसा निघतो तसा ऐकणाऱ्याच्या कानात शिरत नाही. ‘बहुतेक काही नाही’ म्हटलं की माणूस ‘काही नाही’ एवढंच घरी नेतो. आणि ‘कदाचित असेल’ म्हटलं की ‘आहे’ घेऊन जातो.

गिरगावचे एक काका होते, बँकेतून निवृत्त झालेले. दर वाढदिवसाला आमच्याकडे येऊन अठ्ठावीस तपासण्यांचं पॅकेज करायचे. स्वतःला दिलेली भेट म्हणे. आणि दर वर्षी त्यातला एखादा आकडा लाल यायचा. गंमत म्हणजे दर वर्षी वेगळा. एकदा कॅल्शियम, एकदा युरिक अ‍ॅसिड, एकदा असं काहीतरी की ज्याचं नाव मलाही नीट घेता येईना. काका त्यावर महिनाभर वाचन करायचे, पथ्य सुरू करायचे, आणि पुढच्या वर्षी तो आकडा आपोआप काळा. काकांना वाटायचं, पथ्याचा गुण.

मी बाईंना विचारलं, हे काय प्रकरण आहे. त्या म्हणाल्या, "नॉर्मल म्हणजे काय, ते कोण ठरवतं माहितीये का तुला? पुष्कळ धडधाकट माणसं घेतात, त्यांचे आकडे एका ओळीत लावतात, आणि दोन्ही टोकांची थोडी माणसं सोडून देतात. शंभरातली साधारण पाच. ती पण धडधाकटच असतात. फक्त टोकाला उभी असतात."

मग माझ्या डोक्यात शाळेचा फोटो आला. वर्गात चाळीस मुलं. एकेक मूल बघितलं तर फोटोच्या क्षणी त्याचे डोळे मिटलेले असण्याची शक्यता थोडीच. पण तुम्ही वर्गाचा असा फोटो दाखवा, ज्यात एकाचेही डोळे मिटलेले नाहीत. तसंच अठ्ठावीस तपासण्यांचं. मी काकांना हेच सांगितलं. नियम मोडून, हो. म्हटलं, "काका, तुमचा लाल आकडा म्हणजे फोटोत डोळे मिटलेला मुलगा. आजारी नाही तो. नेमकी तेव्हा पापणी पडली."

काका विचारात पडले. "म्हणजे मला काहीच झालेलं नाही?"

"बाईंना विचारा. पण मला तरी तसं दिसतंय."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

त्यांचा चेहरा असा उतरला, जसं काही मी त्यांचा सगळा वाढदिवसच काढून घेतला. पुढच्या वर्षी ते आले तेव्हा मात्र रिपोर्ट हातात घेऊन म्हणाले, "मावशी, यंदा कोणी डोळे मिटलेत ते सांगा." बाईंनी हे ऐकलं आणि मला आत बोलावून बोलल्या. रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "काकांच्या बाबतीत तुझं जमून गेलं. रोज जमणार नाही." माझ्या मात्र डोक्यात थोडी हवा गेली होती.

आता कार्डाची गोष्ट. हेपटायटिस सी नावाचा एक आजार आहे, यकृताचा. वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. माणसाला ना ताप, ना दुखणं, आणि आत यकृत वाळत जातं. पूर्वी याला धड औषध नव्हतं. आता गोळ्या आहेत, तीनेक महिने घेतल्या की बहुतेकांचा साफ बरा होतो. म्हणजे वेळेवर कळणं हीच सगळी मेख. त्याची पहिली तपासणी कार्डावर होते, गरोदरपणाच्या चाचणीसारखी. रक्ताचा थेंब टाकायचा. एक रेघ उमटली तर ठीक. दोन उमटल्या तर दुसरी नळी घ्यायची आणि मोठ्या मशीनवर तपासायचं, की खरोखर विषाणू आहे का. कारण कार्ड कधी कधी उगाचच दोन रेघा दाखवतं. आणि कधी आजार येऊन आपला आपणच गेलेला असतो, खूण तेवढी मागे राहते.

दोन रेघा आल्या की मी एका वहीत लिहायची, आणि पुढे दुसऱ्या नळीचं काय झालं तेही. बाईंनी सांगितलं नव्हतं. मला आपलं कुतूहल. काही महिन्यांनी वही चाळताना मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. कंपन्यांमधून, मंडळांच्या शिबिरांमधून आलेल्यांच्या दोन रेघा दुसऱ्या नळीत बहुतेक वेळा फुस्स व्हायच्या. आणि यकृताच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आलेल्यांच्या दोन रेघा बहुतेक वेळा खऱ्या ठरायच्या. कार्डं तीच, एकाच खोक्यातली. थेंब टाकणारा माणूसही तोच, आमचा परब.

परब मालवणचा. आयुष्य लालबागला गेलं, पण बोलणं काही बदललं नाही. मी म्हटलं, "परब, या कार्डांना कळतं का हो कोण कुठून आलं ते?"

"कार्डाक डोळे असतत काय गो?" तो म्हणाला. "शिबिरातलो खयचो नि डॉक्टरान धाडलेलो खयचो, ताका कसा कळतला? तुझी वहीच खराब आसा."

मी वही घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून सगळी पानं पाहिली. मग म्हणाल्या, "बस." बाई कुणाला बस म्हणत नसत. त्यांनी एका पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली. "समज, शिबिरात हजार माणसं आली. त्यांत खरोखर आजारी समज तीन. कार्ड त्या तिघांना पकडेल. पण हेच कार्ड समज शंभर निरोग्यांमागे एकदा चुकतं. मग हजारातल्या उरलेल्यांत साधारण किती चुका?"

मी बोटांवर मोजलं. "दहा."

"म्हणजे दोन रेघा एकूण किती?"

"तेरा. आणि खरे तीनच."

"आता यकृताच्या डॉक्टरांनी शंभर माणसं पाठवली, त्यांत आजारी समज तीस. तेव्हा?"

तेव्हा खरे तीस आणि खोटा एखादाच. मला आमचा टॉमी आठवला, आणि मी तो बाईंना सांगितला. आमच्या चाळीत टॉमी म्हणून एक कुत्रा होता. चोर आला की भुंकायचा, हे खरं. पण विम्याच्या एजंटवरही भुंकायचा, नव्या जावयावरही. आमच्या मजल्यावर चोर कधी येणार? तिथे नेण्यासारखं होतं काय? म्हणून टॉमी भुंकला की आम्ही म्हणायचो, जावई आला असेल. तोच टॉमी सोनाराच्या पेढीवर बांधला असता तर त्याच भुंकण्यावर लोक काठ्या घेऊन धावले असते. कुत्रा तोच, भुंकणंही तेच. अर्थ ठरतो तो तिथे कोण येतं त्यावर.

बाईंना टॉमी फार आवडला. परबाला नाही. परब म्हणाला, "तुमी दोघी उगीच डोक्याक ताप करतास. सरळ आसा. एकतर आजार आसतलो, नायतर नसतलो. पन्नास-पन्नास."

बाई शांतपणे म्हणाल्या, "परब, आज तुमच्या डोक्यावर हा पंखा एकतर पडेल, नाहीतर पडणार नाही. पन्नास-पन्नास?"

परबाने वर पाहिलं आणि खुर्ची हातभर सरकवून घेतली. वाद मिटला, पण त्या दिवसापासून तो त्या पंख्याखाली बसला नाही.

ही वही आणि हा टॉमी, यांच्या जोरावर मी स्वतःला फार शहाणी समजायला लागले. आता वहिनींची गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी लालबागच्या एका मंडळाने फुकट तपासणीचं शिबिर घेतलं. मी तेव्हा निवृत्त झाले होते, पण शिबिर असलं की बाई बोलावतात. पुढच्या रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये रिपोर्टवाटप. मी टेबलाशी, बाई मागे पडद्याआड. ज्यांच्या कागदावर काही असेल त्यांना मी पडद्याआड पाठवायचं, असं ठरलेलं. रांग हॉलबाहेर गेली होती, आणि घाईत एखादा कागद न बघताच हातातून सुटायचा.

एक बाई रांगेतून कागद घेऊन बाजूला झाल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या. पन्नाशी कधीच ओलांडलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कागदाची घडी करून करून त्यांनी तो पानाच्या विड्याएवढा केला होता.

"ताई, हे रिॲक्टिव्ह काय लिहिलंय?"

मी घडी उलगडली. हेपटायटिस सी, दोन रेघा.

"पहिल्या चाचणीत काहीतरी दिसलंय, वहिनी. पुन्हा एकदा तपासायचं."

"लागतं का हे दुसऱ्याला?"

"हात लावून, जवळ घेऊन नाही लागत."

त्या ऐकतच नव्हत्या. "माझा नातू चार महिन्यांचा आहे. सुनेला हे कळलं तर ती त्याला माझ्याकडे देणार नाही. आत्ताच म्हणते, आई, आधी हात धुवा, आई, त्याच्या तोंडाशी तोंड नेऊ नका. वाईट नाही हो ती. पण असा कागद बघितल्यावर कुठली आई देईल?"

पडद्याआड आधीच दोघं बसले होते. मी म्हणायला हवं होतं, पाच मिनिटं बसा. त्याऐवजी मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "अहो, शिबिरात दोन रेघा आल्या तरी बहुतेकांचं पुढे काही निघत नाही. मी वही ठेवलीये. दुसरी तपासणी करून घ्या, पण बहुतेक काही नसणार."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मला दिसला, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. माणसाची भीती आपल्या एका वाक्याने जाते, ही चटक वाईट असते. वहिनी बोलायला लागल्या. नातू कसा कुशीवर वळतो, कसा हसतो. "आणि याच्या बापाच्या वेळी मी जवळजवळ गेलेच होते, ताई. दोन बाटल्या रक्त चढवलं, तेव्हा वाचले. म्हणून नातवाचं जास्तच वाटतं."

"बरं झालं वाचलात," मी म्हटलं. आणि पुढचा नंबर पुकारला.

घरी आले, जेवले, मेथीची जुडी घेऊन निवडायला बसले. आणि अर्ध्या जुडीत माझा हात थांबला.

दोन बाटल्या रक्त. त्यांच्या मुलाच्या वेळी, म्हणजे तीस वर्षं तरी झाली. त्या काळी रक्त चढवण्याआधी हेपटायटिस सीची तपासणी होत नव्हती, ती नंतर सुरू झाली. माझ्याच वहीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाल्यांत, जुन्या काळी रक्त चढवलेली किती माणसं होती. वहिनींनी स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं होतं. आणि मी त्यांना शिबिराच्या शंभरात बसवून मोकळी झाले होते.

सोमवारी सकाळी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "काउंटरवर अर्थ सांगायचा नाही, हे मी तुला कशासाठी सांगत होते? तुला अक्कल नाही म्हणून नव्हे. अर्थ सांगायला आधी प्रश्न विचारावे लागतात, आणि काउंटरवर त्याला वेळ नसतो म्हणून."

"बाई, मग आता त्यांची शक्यता किती धरायची?"

"कुठल्या शंभरात बसवतेस त्यावर आहे. शिबिराला आलेल्यांत बसवलीस तर बहुतेक काही नाही. पूर्वी रक्त चढवून घेतलेल्यांत बसवलीस, तर मी ‘बहुतेक’ हा शब्द उच्चारणार नाही."

"पण त्या बसतात कुठे?"

"दोन्हीकडे. चष्मेवाल्यांतही बसतात, आज्यांतही बसतात. माणसाच्या कपाळावर त्याचा शंभर लिहिलेला नसतो, तो आपण निवडतो. जे माहीत आहे ते सगळं धरून जवळात जवळचा निवडायचा."

मी हट्टाला पेटले. "पण त्यांनी रक्ताचं सांगितलं त्या आधी आणि त्या नंतर, दोन मिनिटांत त्यांच्या अंगात काय बदललं?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या. "विषाणू असला तर तेव्हाही होता, नसला तर आत्ताही नाही. त्यांच्या रक्तात ‘बहुतेक’ही नसतं आणि ‘कदाचित’ही नसतं. ते आपल्याकडे असतं, आपल्याला माहीत नसतं म्हणून. दुसरी नळी घेतली की ते संपतं. म्हणून तर ती घ्यायची."

हे मला आजही पूर्ण पचलंय असं नाही. मी भाजी निवडताना, बसच्या रांगेत, यावर विचार करत असते. म्हणजे आपण ज्याला शक्यता म्हणतो ती जगात कुठे पडलेली नाहीच का? सगळी आपल्याच डोक्यात? पण मग दर वेळी हजार माणसं आली की साधारण तेवढीच आजारी निघतात, ते तर माझ्या डोक्यात नाही, ते वहीत आहे. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, यावर मोठमोठी माणसं अजून भांडतायत, तू पण भांड.

भांडण नंतर. आधी वहिनींना शोधायचं होतं. शिबिराच्या फॉर्मवर मोबाइल होता, तो लागेना. नंबर अस्तित्वात नाही म्हणे. पत्ता होता तिथे गेले तर इमारतीभोवती निळे पत्रे. पाडकाम सुरू, माणसं भाड्याच्या जागेत पांगलेली. वॉचमन म्हणाला, "मावशी, सब गया. कोई विरार, कोई पनवेल. किसको ढूँढेंगी?" मंडळाच्या सेक्रेटरीने यादी चाळली, त्यात तोच बंद नंबर. शेवटी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने सांगितलं, त्या नावाच्या बाई ना, त्या अँटॉप हिलला मुलीकडे गेल्या असं ऐकलंय, सरकारी वसाहतीत.

गेले. दोन दुपारी हिंडले आणि घर सापडलं. बेल वाजवली, दार उघडलं. नाव तेच, आडनाव तेच, आणि बाई भलतीच. उंच, धिप्पाड, चष्माही नाही. मी सगळा घोळ सांगितला, अर्थात रिपोर्टचं सोडून. त्यांनी चहा केला. पिता पिता म्हणाल्या, "पण एवढं शोधताय म्हणजे काहीतरी मोठं असणार. रक्ताचं का?"

मी म्हटलं, "तुम्हाला कधी रक्त चढवलंय का हो?" माझ्या तोंडातून ते आता आपोआप निघतं.

"चढवलंय की. थोरलीच्या वेळी."

झालं. मी त्यांना गुरुवारी लॅबमध्ये यायला लावलं. कार्डावर एकच रेघ. त्या खूश होऊन गेल्या, जाताना मला शेवयांची खीर खायला बोलावून गेल्या.

परब म्हणाला, "बघ, हिचा काय निघाला नाय. म्हणजे तुझ्या वहिनीचा पण निघाचा नाय."

"हिचा आणि तिचा काय संबंध, परब?"

"मग उलटा धर. हिका चुकला म्हणजे आता तिका लागतला."

परबाच्या दोन्ही बोलण्यांत एकच खोट आहे, आणि ती आपल्या सगळ्यांत आहे. शेजारच्या मुलाला पहिल्या खेपेला नोकरी लागली की आपल्याही मुलाला लागणार. चार घरी मुलगे झाले, आता आपल्याकडे मुलगी. एकाच्या नशिबाचा धागा आपण दुसऱ्याच्या पदराला बांधत बसतो. नावाशी नाव जुळलं तरी रक्ताला त्याचं काय? अँटॉप हिलच्या बाईंची एक रेघ ही त्यांचीच. माझ्या वहिनींबद्दल त्या रेघेने मला काही सांगितलं नाही.

आता आमच्या शिबिराच्या फॉर्मवर वरतीच एक ओळ असते, मी भांडून घालायला लावली: पूर्वी कधी रक्त चढवलंय का. आणि मी काउंटरवर काही सांगत नाही. कुणी कितीही घाबरलेलं असलं तरी हात धरते आणि म्हणते, "पाच मिनिटं बसा." कुणी चिडतात. चिडू देत.

वहिनींचं काय झालं असेल, याचा मी माझ्या परीने पुष्कळ विचार केलाय. त्यांनी दुसरीकडे तपासून घेतलं असेल, गोळ्या घेऊन बऱ्याही झाल्या असतील. काहीच निघालं नसेल, हेही शक्य आहे. कागद कुठेतरी साड्यांखाली असेल, हेही शक्य. यातलं कुठलं किती, ते मला सांगता येणार नाही. माझ्याकडे वही आहे, पण वहिनींसारख्या वहिनी एकच.

तेव्हा वहिनी, हे तुमच्या हातात पडलं, किंवा कुणी वाचून दाखवलं, तर ऐका. त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं ते चुकीच्या शंभरातलं होतं. बरोबर कुठलं, ते मलाही माहीत नाही, आणि त्यावर अंदाज बांधत बसायचं कारणही नाही. एक नळी रक्त, पाच मिनिटांचं काम. काही निघालं तर गोळ्या आहेत, त्याची व्यवस्था बाई सांगतील. नातवाला जवळ घ्यायला, काही निघो वा न निघो, कुणाची आडकाठी नाही, हे मी सुनेला समोर बसवून सांगेन, नाहीतर बाईंना सांगायला लावेन. नातू आता चालायला, बोलायला लागला असेल. त्यालाही आणा.

निवृत्त झाले तरी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी लॅबमध्येच असते. रांगेत उभ्या राहू नका, सरळ आत या. नाव सांगायची गरज नाही, मी ओळखेन. फार दिवस लावू नका, वहिनी. या आठवड्यात जमलं तर या आठवड्यातच या.